कॅम, कम्प्रेशन आणि नॉकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पाठवणारे साधारण तीन प्रकारचे असतात: कॅम (व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा उंचवट्याचा दांडा) बदलायच्या विचारात असलेले, हेड (सिलिंडरचं झाकण) घासून आणलेले, आणि चढाला इंजिन टकटक करतं, म्हणजे नॉक करतं, म्हणून वैतागलेले. तिघांच्याही अडचणीचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी निघतं, ते म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह नेमका कधी बंद होतो. हिशेबासाठी खाली सगळीकडे एकच इंजिन घेतलंय: रॉयल एनफिल्डचं जुनं ३५० यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत), बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७० मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९० मिमी, कम्प्रेशन रेशो ८.५. कनेक्टिंग रॉड १८० मिमी आणि व्हॉल्व्ह टायमिंगचे अंश मात्र उदाहरणापुरते धरलेत, ते कंपनीचे आकडे समजू नका.

१. कम्प्रेशन रेशो हेड आणि पिस्टनवरून ठरतो ना? मग त्यात कॅमचा काय संबंध?

कागदावरचा रेशो खरंच हेड-पिस्टनवरून ठरतो. पिस्टन तळाला असताना वर किती जागा आहे आणि माथ्याला असताना किती उरते, याचा तो भागाकार. आपल्या इंजिनात माथ्यावर उरणारी जागा १२ मिमी उंचीच्या सिलिंडरएवढी भरते: (९० + १२) ÷ १२ = ८.५. या हिशेबात व्हॉल्व्ह कुठेच नाहीत.

प्रत्यक्षात पिस्टन तळाहून वर निघतो तेव्हा इनलेट व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. समजा तो तळबिंदूनंतर क्रँक (पिस्टन वर-खाली करणारा शाफ्ट) ६० अंश फिरल्यावर बंद होतो. तोवर पिस्टन १८ मिमी वर आलेला असतो, म्हणजे खरं दाबणं उरलेल्या ७१.८ मिमीतच होतं: (७१.८ + १२) ÷ १२, जवळपास ७. याला डायनॅमिक कम्प्रेशन रेशो म्हणतात. कंपनीच्या पुस्तकात ८.५ लिहिलंय आणि इंजिनाच्या वाट्याला ७ येतात, तो फरक कॅमचा.

२. मग पिस्टन तळाला पोचताच व्हॉल्व्ह बंद का करत नाहीत?

कारण हवेला वेग आणि वजन दोन्ही असतं. ५००० आरपीएमला क्रँकचा अर्धा फेरा ६ मिलिसेकंदांत होतो. पिस्टन वर वळला तरी इनलेट पाइपातली हवा आधीच्या धावेवर सिलिंडरमध्ये घुसतच राहते. तिला वाव मिळावा म्हणून व्हॉल्व्ह उशिरा बंद करतात. शिवाय तळाजवळ पिस्टन फारच हळू सरकतो. पहिल्या ४० अंशांत तो जेमतेम ८ मिमी वर येतो, त्यामुळे एवढा उशीर फारसा महाग पडत नाही.

कमी आरपीएमला मात्र हवेला ती धाव नसते. उघड्या व्हॉल्व्हमधून पिस्टन तिला परत पाइपात ढकलतो. एकच कॅम सगळ्या आरपीएमला चांगला का नसतो, याचं उत्तर इथेच आहे.

३. नॉकिंग, पिंगिंग, डिटोनेशन, प्री-इग्निशन ही एकाच गोष्टीची नावं आहेत का?

पहिली तीन जवळजवळ एकच. स्पार्क वेळेवर पडतो, ज्वाळा पसरू लागते, आणि ती पोचायच्या आत कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं. त्याचा धक्का सिलिंडरच्या भिंतींवर आदळतो आणि आपल्याला टकटक ऐकू येते.

प्री-इग्निशन म्हणजे स्पार्कच्या आधीच पेटणं. तापून लाल झालेला प्लग, कार्बनची कड किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड ते काम करते. डिटोनेशन पिस्टनची कड खातं, रिंगांमधली पट्टी तोडतं. प्री-इग्निशन मधोमध भोक पाडतं, तेही फार लवकर. डिटोनेशन चालू राहिलं तर त्याच्याच उष्णतेने प्री-इग्निशन सुरू होऊ शकतं, म्हणून पहिलं थोडंसंच आहे म्हणून चालवून घेऊ नये.

४. कॅममुळे नॉकिंग कमी-जास्त कसं होतं?

सायकलच्या पंपाचं टोक तापतं तसंच आत होतं: हवा जितकी जास्त दाबाल तितकी ती तापते. आत शिरलेलं मिश्रण साधारण ६५-७० अंश सेल्सिअसला आहे असं धरलं तर ७ आणि ७.८ या दोन डायनॅमिक रेशोंमध्ये कम्प्रेशनच्या शेवटी २५-३० अंशांचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण कोपऱ्यातलं मिश्रण ज्या मर्यादेवर उभं असतं तिथे तेवढंच पुरतं. त्यात दाबही वाढलेला असतो.

म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह लवकर बंद झाला की खालच्या आरपीएमला कोंडलेलं मिश्रण वाढतं, ओढ वाढते आणि नॉकिंगची भीतीही वाढते. उशिरा बंद झाला की तिन्ही कमी. वरच्या आरपीएमला हिशेब उलटू शकतो, तो प्रश्न ९ मध्ये आहे.

वेळ हाही एक घटक आहे. कमी आरपीएमला ज्वाळा पसरायला जास्त वेळ जातो, तेवढा वेळ कोपऱ्यातलं मिश्रण भाजत राहतं. खंबाटकी घाटात टॉप गिअरमध्ये ४० च्या वेगाने फुल थ्रॉटल दिलात तर नॉकिंगला हवं ते सगळं तुम्हीच जमवून दिलेलं असतं. अशा वेळी कॅमला दोष देण्याआधी एक गिअर खाली घ्या.

५. कॅम ॲडव्हान्स (लवकर) किंवा रिटार्ड (उशिरा) केला तर आकडे किती बदलतात?

८.५ कम्प्रेशनच्या आपल्या इंजिनात व्हॉल्व्ह ६० ऐवजी ४० अंशांना बंद झाला तर डायनॅमिक रेशो ७.८ होतो. ७० अंशांना बंद झाला तर ६.४५. साधारण चार अंश ॲडव्हान्सने खालची ओढ जाणवण्याइतकी बदलते आणि पूर्वी काठावर असलेलं इंजिन टकटक करू लागतं.

एकच कॅमशाफ्ट असेल तर इनलेट-एक्झॉस्ट दोन्ही एकदम सरकतात. बुलेटमध्ये इनलेट आणि एक्झॉस्टचे कॅम वेगळे आणि गिअरवर चालणारे, त्यामुळे एकटा इनलेट सरकवता येतो. चुकून सरकतोही! गिअरवरच्या खुणा जुळवताना नजर तिरकी झाली की झालं.

६. टायमिंग चेन एक दात चुकली तर कळेल का?

बहुतेक वेळा कळतं. आकडे आपल्याच इंजिनाचे घेऊ, पण कॅम चेनवर आहे असं धरून: कॅमच्या चक्राला ३६ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे १० अंश आणि क्रँकचे २०. चेन उशिराच्या बाजूला चुकली तर ६० चे ८० अंश होतात आणि रेशो ७ वरून ५.९ वर येतो. गाडी सकाळी सुरू व्हायला रडते, खाली दम नसतो, वर गेल्यावर त्यामानाने बरी पळते. लवकरच्या बाजूला चुकली तर ७.८ होतात: खाली जोर, चढाला टकटक, वर श्वास कोंडल्यासारखं.

हे नशीब चांगलं असेल तर. ज्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतात तिथे एक-दोन दातांत व्हॉल्व्ह वाकतात. सेल मारण्याआधी, म्हणजे स्टार्टर फिरवण्याआधी, क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा, कुठे अडलं तर जोर लावू नका.

चेन ताणली गेली की कॅम हळूहळू मागे पडतो, म्हणजे रिटार्डच होतो. जुन्या गाडीचा खालचा दम कमी होण्यामागे हेही एक कारण असतं.

७. कम्प्रेशन गेजवर १४० पीएसआय आलं. यावरून रेशो काढता येतो का?

नाही. ७ रेशोला १४.५ ने गुणून वातावरणाचा दाब वजा केला तर ८७ पीएसआय येतात, पण हवा दाबताना तापते म्हणून गेज त्याहून बरंच वर जातं. किती वर, ते रिंगा, व्हॉल्व्हची बैठक, सेलचा वेग आणि बॅटरी यांवर अवलंबून. थ्रॉटल पूर्ण उघडून घेतलं नसेल तर आकडा टाकाऊच समजा.

गावही मोजावं लागतं. मुंबईत १५० दाखवणारं इंजिन पुण्याच्या उंचीवर साधारण १४० दाखवेल, त्यात बिघाड काही नाही. यूसीईसारख्या इंजिनांत सेल मारताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरणारा ऑटो डिकॉम्प्रेसर असतो, तिथे गेज कमीच दाखवतं. या आकड्यावरून घाबरून रिबोर करून आलेले लोक भेटतात.

गेजचा खरा उपयोग तुलनेला. कॅम बदलण्याआधीचा आणि नंतरचा आकडा, तेच गेज, तीच पद्धत. नवा कॅम टाकल्यावर आकडा १५ पीएसआयने घसरला तर बहुधा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतोय आणि सगळं ठीक आहे.

८. मोठा कॅम टाकलाय. आता साध्या पेट्रोलवर ९.५ कम्प्रेशन चालेल?

दिशा बरोबर आहे. ९.५ रेशोला माथ्यावरची जागा १०.६ मिमी होते. जुन्या कॅमवर, म्हणजे ६० अंशांना, डायनॅमिक रेशो ७.८ येतो. तो परत ७ वर आणायला व्हॉल्व्ह साधारण ७३ अंशांना बंद व्हावा लागतो. तुमचा कॅम तेवढा उशिरा बंद होत असेल तर ८.५ वर ठेवून तुम्ही खालची ओढ फुकट घालवताय आणि कम्प्रेशन वाढवणं योग्यच.

पण हेड घासण्याआधी सीसी मोजा. ८.५ चं ९.५ करायला वरची जागा ४६.२ सीसीवरून ४०.७ वर आणावी लागते, म्हणजे साडेपाच सीसी. लेथवाल्याला "थोडं घास" सांगण्यासारखं हे काम नाही. ब्युरेटने तेल ओतून मोजा, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना ते प्लास्टिसिनच्या गोळीने बघा, आणि मग घासा. कॅम न बदलता नुसतं हेड घासण्याच्या मी विरोधात आहे. विशेषतः हवेवर थंड होणाऱ्या मोठ्या सिंगलमध्ये.

९. डायनॅमिक रेशो कमी झाला, तरी वरच्या आरपीएमला पिस्टन गेला. असं कसं?

डायनॅमिक रेशो फक्त पिस्टनची जागा मोजतो. आत किती हवा शिरली ते त्याला कळत नाही. मोठा कॅम ५००० च्या पुढे सिलिंडर मूळ कॅमपेक्षा चांगला भरतो. तिथे कोंडलेला दाब आणि उष्णता दोन्ही पूर्वीपेक्षा जास्त असतात, रेशो कागदावर कमी असला तरी. इग्निशन तेच ठेवलं आणि जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) वाढवलं नाही तर मिश्रण पातळ होऊन तापमान आणखी चढतं.

त्यात वाईट असं, की वरच्या आरपीएमला टकटक ऐकूच येत नाही. सायलेन्सरचा आवाज आणि वारा तिला गिळतात. प्लग काढून भिंगाखाली बघा: पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. तिथेच थांबा.

१०. परदेशी कॅम कॅटलॉगमध्ये "डायनॅमिक रेशो ८ ते ८.५ चालतो" असं लिहिलंय. इथेही चालेल?

डोळे झाकून नाही. अमेरिकेत पंपावरचा ऑक्टेन आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, आपल्याकडे आरओएन, म्हणजे त्यांतल्या एकाच पद्धतीचा आकडा. त्यांचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५-९६, आणि आपल्या ९१ च्या जोडीला त्यांचं ८७ बसतं. शिवाय ते नियम बहुतेक पाण्याने थंड होणाऱ्या व्ही-८ इंजिनांवरून आलेले.

दुसरी फसगत अंशांची. कॅटलॉगमध्ये कधी व्हॉल्व्ह बैठकीवरून उठल्यापासूनचे अंश देतात, कधी ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी उचलल्यापासूनचे. दुसरे अंश हिशेबात घातले तर व्हॉल्व्ह खऱ्यापेक्षा कितीतरी लवकर बंद झाल्यासारखा दिसतो आणि रेशो फुगतो. आकडा कुठल्या उचलीला मोजलाय ते लिहिलेलं नसेल तर तो कॅम विकत घेऊ नका.

११. टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला फट राखणारा भाग) घट्ट किंवा सैल असेल तर कम्प्रेशनवर परिणाम होतो का?

होतो, आणि लोकांना वाटतं त्याच्या उलट. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि उशिरा बंद होतो, रेशो किंचित घटतो. सैल असेल तर उलट, शिवाय कटकट आवाज. पुष्कळजण त्या कटकटीलाच नॉकिंग समजतात. फरक सोपा आहे: टॅपेट थ्रॉटल सोडल्यावरही वाजत राहतो, नॉकिंग लोड काढताच थांबतं.

अगदी घट्ट झाला की व्हॉल्व्ह बैठकीवर बसतच नाही, कम्प्रेशन गळतं आणि व्हॉल्व्हची कड जळते. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली खेळ असता कामा नये. यूसीईमध्ये टॅपेट हायड्रॉलिक आहेत, तिथे हे काम नाही.

१२. ओव्हरलॅपचा नॉकिंगशी काय संबंध?

एक्झॉस्ट बंद व्हायच्या आत इनलेट उघडतो, तो काळ ओव्हरलॅप. यात दोन विरुद्ध गोष्टी घडू शकतात. एक्झॉस्टचा पाइप नीट जुळलेला असेल तर जाणारा धूर आपल्यामागे ताजं मिश्रण ओढतो, आतली जुनी उष्णता बाहेर पडते आणि नॉकिंग कमी होतं. पाइप तुंबलेला असेल तर गरम धूरच उलटा आत येतो. आयडलिंगला तो मिश्रण मंद करतो, इंजिन लंगडतं. लोडवर मात्र त्याच्या उष्णतेने नॉकिंग जवळ येतं.

या उरलेल्या धुराचं वजन किती, ते माझ्दाने दाखवलं. १४ रेशोचं स्कायॲक्टिव्ह-जी इंजिन साध्या पेट्रोलवर चालवण्यासाठी त्यांनी ४-२-१ रचनेचा लांब एक्झॉस्ट दिला, एका सिलिंडरचा धूर दुसऱ्यात ढकलला जाऊ नये म्हणून. मोठा कॅम टाकून सायलेन्सर मूळचाच ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

१३. हायब्रिड गाड्यांचा रेशो १३ असतो, तरी त्या नॉक का करत नाहीत?

प्रश्न १ मधलीच युक्ती, ताणून वापरलेली. टोयोटा प्रियसच्या २००३ च्या मॉडेलचा रेशो १३, पण इनलेट व्हॉल्व्ह इतका उशिरा बंद होतो की आत घेतलेल्या मिश्रणाचा काही भाग परत बाहेर जातो. दाबणं थोडं, प्रसरण मात्र पूर्ण १३ पट. नॉकिंग टळतं आणि इंधनातून काम जास्त निघतं. १८८० च्या दशकात जेम्स ॲटकिन्सन यांनी हेच दांड्यांच्या जुळणीने केलं होतं, आता कॅमवर भागतं. होंडा सिटी ई:एचईव्ही आणि टोयोटा हायरायडरची हायब्रिड इंजिनं याच जातीची. खालची ओढ जाते, ती इलेक्ट्रिक मोटर भरून काढते.

बाइकमध्ये जवळचं उदाहरण यामाहा आर १५ चं. रेशो ११.६, आणि व्हीव्हीए ही व्हॉल्व्हची हालचाल बदलणारी यंत्रणा ७४०० आरपीएमला इनलेटचा दुसरा कॅम कामाला लावते. दोन कॅमांचं भांडण त्यांनी दोघांनाही ठेवून मिटवलं.

१४. नॉकिंग थांबवायला हेडखाली दोन गॅस्केट टाकू का?

शक्यतो नको. ज्या इंजिनांत पिस्टनची सपाट कड हेडच्या अगदी जवळ जाते, तिथे ती कोपऱ्यातलं मिश्रण मधे फेकून ज्वाळा वेगवान करते. याला स्क्विश म्हणतात. हे अंतर साधारण १ मिमीच्या आसपास असावं लागतं. दोन गॅस्केटने ते दुप्पट झालं की रेशो घटतो पण ढवळणंही जातं, आणि नॉकिंग कधी कधी वाढतंच. बुलेटसारख्या घुमटाकार हेडमध्ये स्क्विश नावापुरताच, तिथे तोटा कमी. तरी आधी इग्निशन आणि जेट बघा.

१५. काहीच बदललं नाही, तरी जुनी गाडी नॉक करायला लागली. का?

कार्बन. पिस्टनवर आणि हेडमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा थर साचला तर आपल्या इंजिनात चार सीसीच्या आसपास जागा जाते आणि ८.५ चे सव्वानऊ होतात, कुणी हेडला हात न लावता. वर तो थर उष्णताही धरून ठेवतो. ऑइल जाळणाऱ्या इंजिनात हे लवकर होतं. हेड उघडून लाकडी पट्टीने खरवडा, ॲल्युमिनियमवर पोलादी खरवडणी चालवू नका.

१६. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने फरक पडतो का?

नॉकिंगपुरता चांगला पडतो. आपल्याकडे ई२० चा ऑक्टेन ९५ आरओएन सांगितला जातो, बीएस-६ चं नेहमीचं पेट्रोल ९१ होतं. इथेनॉल बाष्प होताना मिश्रण थंडही करतं. पण कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत जेट तेच राहिलं तर मिश्रण पातळ पडतं आणि मिळालेला फायदा उष्णतेत जातो. जेट एक घर वर नेऊन प्लगचा रंग बघा.

१७. लडाखला तीच गाडी अजिबात टकटक करत नाही. कॅम बरा झाला का?

लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. रेशो तोच राहतो, पण दाबायला हवाच कमी मिळते. परत आल्यावर टकटक सुरू होणारच. तिथे बसवलेलं इग्निशन ॲडव्हान्स इथे विसरलात तर जास्तच.

१८. टर्बो असेल तर हे सगळं लागू होतं का?

तत्त्व तेच, पण आत येणारी हवा आधीच दाबलेली असते, त्यामुळे नुसता डायनॅमिक रेशो काही सांगत नाही. काही टर्बो इंजिनांत इनलेट मुद्दाम फार लवकर किंवा फार उशिरा बंद करतात, म्हणजे दाबण्याचं थोडं काम टर्बोकडे जातं आणि इंटरकूलर ती उष्णता बाहेर टाकतो. याला मिलर सायकल म्हणतात. नव्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. तो टकटक ऐकू येण्याआधीच इग्निशन मागे घेतो, म्हणून अशा गाडीत नॉकिंगची तक्रार "मायलेज पडलं, ओढ गेली" अशी येते.

१९. गेजवर कम्प्रेशन छान, नॉकिंग नाही, तरी गाडी ओढत नाही. कॅम असू शकतो?

हो, झिजलेला. उंचवटा झिजला की व्हॉल्व्ह कमी उचलला जातो आणि अनेकदा थोडा लवकरच बंद होतो, त्यामुळे सेलच्या वेगाला गेज निरोगी आकडा दाखवतं. मात्र वेग वाढला की इंजिनाला श्वास पुरत नाही. एक्झॉस्टचा कॅम झिजला असेल तर धूर आतच राहतो आणि कार्ब्युरेटरमधून फटफट परत येते. डायल गेज लावून दोन्ही व्हॉल्व्हची उचल मोजा, पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. नुसती नखाने चाचपून झीज कळत नाही.